माटवीसाठी जागा

परळ-लालबागच्या गिरण्यांनी मुंबईत कापड विणलं आणि कोकणात घरं बांधली. पहिली गोष्ट इतिहासात नोंदली गेली, दुसरी अजून वाड्यावाड्यांत उभी आहे. सिंधुदुर्गातल्या कुठल्याही वाडीत चिऱ्याचं जुनं घर बघा आणि कुणी बांधलं म्हणून विचारा. उत्तरात हमखास कुणी गिरणीच्या साचेखात्यातला, कुणी कांडीखात्यातला निघतो. कणकवली-कुडाळच्या पट्ट्यातलं आमचं घर हिंदमाताजवळच्या चाळीतल्या एका खोलीने बांधलं, असं मी मानतो. त्या गावकीच्या खोलीत आमच्या गावचे लोक मिळून राहायचे. एक जण पाळी संपवून आला की दुसरा उठून कामावर जायचा, वळकटी तीच. भिंतीशी ओळीने ट्रंका, जेवण खानावळीत, पगार झाला की पोस्टात जाऊन मनीऑर्डर. कूस बदलायला जागा नसलेल्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन पाठवलेल्या त्या पैशांतून पन्नासच्या दशकात आजोबांचं घर उभं राहिलं. त्याची ओटी एवढी ऐसपैस ठेवली की अख्खी वाडी भजनाला बसावी. एका शेतकऱ्याच्या घराला एवढी मोठी ओटी कशाला, असं पाहुणे विचारतात. ती खोली पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही.

ते घर दुरुस्त करायची वेळ आली ती तौक्ते वादळामुळे. मे २०२१ मध्ये हे वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून वर गेलं. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याला दणका बसलाच, पण आत आमच्याकडेही परसातल्या आंब्याची फांदी मागच्या पडवीवर आली आणि पश्चिमेकडच्या पाखाची कौलं उडाली. तो सगळा पावसाळा ताडपत्रीखाली गेला. वादळाने एक मात्र केलं: वर्षानुवर्षं कुणी वर चढून पाहिलं नव्हतं ते छप्पर उघडं करून दाखवलं. वाशांना वाळवी लागली होती, रिपा हाताने मोडत होत्या. वडील गेल्यानंतर घर वर्षातून दोनदा उघडायचं, चतुर्थीला आणि मे महिन्यात. बाकी काळ कुलूप. शेजारच्या घरात काकी राहते, ती अधूनमधून झाडून घ्यायची तेवढंच.

सल्ले दोन बाजूंनी आले. ठेकेदार म्हणाला, पाडा आणि स्लॅबचं बांधा. पुढच्या पावसाआधी बंगला हातात देतो, गळती नाही, वाळवी नाही, माकडांची कटकट नाही. मुंबईतल्या सजावटीच्या जाणकारांचं म्हणणं उलटं: काहीही बदलू नका, उलट अजून जुनं करा. भिंतींचा गिलावा खरवडून चिरा उघडा पाडा, ओटीवर कंदील टांगा, वारली चित्रं काढून घ्या, खिडक्यांना हिंदमाताच्या बाजारातल्या खणाच्या कापडाचे पडदे लावा. मला दोन्ही सल्ल्यांत एकच खोट दिसली. दोघंही घराकडे लांबून बघत होते. एकाला ते जुनाट दिसत होतं, दुसऱ्याला देखणं. ते घर चालतं कसं, हे दोघांनीही विचारलं नाही.

आणि वारली चित्रांबद्दल थोडं बोलायलाच हवं. ती डहाणू-जव्हारकडच्या आदिवासी बायांची कला, त्यांच्या घरात, त्यांच्या लग्नात तिला अर्थ आहे. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर कुडाळजवळ पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथीची आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जिवंत ठेवली. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. सावंतवाडीला लाकडी खेळणी आहेत, लाखेचं रंगकाम आहे, राजवाड्याने पुन्हा उभी केलेली गंजिफा आहे. एवढं दाराशी असताना कोकणातल्या घरावर दुसऱ्या जिल्ह्याची ओळख चिकटवायची, याला मी सजावट म्हणणार नाही.

काम सुरू झालं ते छपरापासून. गावातला वयस्कर सुतार हातोडी घेऊन माळ्यावर चढला आणि एकेका वाशावर टकटक करत फिरला. भरीव लाकूड खणखणीत बोलतं, आतून खाल्लेलं भद्द वाजतं. त्याने खडूने खुणा केल्या. फुली म्हणजे काढायचा, रेघ म्हणजे टोक कापून जोड द्यायचा, खूण नाही तो राहू द्यायचा. स्वयंपाकघराच्या डोक्यावरच्या वाशांवर एकही खूण नव्हती. मी कारण विचारलं. त्याने काळ्याकुळकुळीत वाशावरून बोट फिरवलं, काजळी दाखवली आणि म्हणाला, "ह्यो ऐनाचो वासो. माझ्या बापाशीन घातलेलो. चुलीच्या धुरान राखलो हा, ह्याका हात लावू नको."

त्या बोटावरच्या काजळीने मला घर समजावून सांगितलं. चूल रोज पेटायची, धूर माळ्यावरून कौलांच्या फटींतून बाहेर जायचा, जाता जाता लाकूड सुकं ठेवायचा, किडीला दूर ठेवायचा. माळ्यावर टांगलेलं बियाणं आणि सुकी मासळीही त्याच धुरावर टिकायची. गॅस आला तेव्हा काकीच्या डोळ्यांची आग थांबली आणि ते चांगलंच झालं; पण लाकडाचा राखणदार गेला आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही. जुन्या घरात एक गोष्ट बदलली की तिच्यावर उभ्या असलेल्या दहा गोष्टी हलतात, आणि दुरुस्तीचं सगळं शहाणपण त्या दहा गोष्टी ओळखण्यात आहे. धूर गेला तर त्याचं काम दुसऱ्या कशाने तरी करायला हवं. आम्ही नव्या-जुन्या सगळ्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावलं. कोकणात होड्यांना आणि लाकूडकामाला वाळवी लागू नये म्हणून ते पूर्वीपासून वापरतात. काळं, उग्र, अंगाला लागलं तर कातडी भाजणारं तेल आहे, पण काम चोख करतं. मागच्या खोपीत चूल ठेवलीच आहे. काकी तिच्यावर अंघोळीचं पाणी तापवते आणि धूर पडवीतून फिरतो.

कौलांचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा. उतरवलेली कौलं अंगणात रचताना पालथी केली तर पाठीवर मंगलोरचे छाप. परंपरा राखायची म्हणजे मंगलोरी कौल राखायचं, हे आम्ही सगळे गृहीत धरून बसलो होतो. पण ही कौलं या मातीतली मुळातली नव्हेतच. बासेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट या जर्मन माणसाने १८६५ मध्ये मंगलोरला नेत्रावतीच्या काठी यंत्रावर कौलं पाडायचा कारखाना काढला आणि तिथून ती समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे गेली. त्याआधी आमच्याकडे गवताने शाकारलेली छपरं होती, ऐपत असेल तिथे कुंभाराने थापलेली नळीची कौलं होती. आजोबांनी चिरा आणि मंगलोरी कौल घातलं तेव्हा त्यांनी वाडीतलं सर्वांत नवं घर बांधलं होतं. मुंबईच्या पगारावर आलेली नवलाईच होती ती. मग त्यांच्या नातवाने नवीन वस्तूला भ्यायचं काय कारण?

हे ध्यानात आल्यावर माझी बरीच ओढाताण संपली. वस्तू किती जुनी हे बघायचं नाही, ती तिथे काय करते हे बघायचं. कौल काय करतं? पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलतं आणि उन्हाळ्यात माजघर थंड ठेवतं, कारण दोन कौलांच्या मधून हवा जाते. पत्रा पहिलं काम करतो, दुसरं करत नाही. पण माकडांचा त्रासही खरा आहे. हल्ली टोळ्या छपरावर नाचतात आणि एका सकाळीत पाख फोडून जातात. वाडीतल्या निम्म्या घरांनी त्यापायीच पत्रे घातले, आणि त्यांना नावं ठेवायचा अधिकार मुंबईत राहणाऱ्याला नाही. आम्ही फणसाच्या फांद्या पोचतात त्या मागच्या पाखाला खाली पत्रा आणि वर कौल असं केलं. फुटलं तर घर गळत नाही. पुढच्या बाजूला नुसती कौलं. पडलेल्या घरांची उतरवलेली जुनी कौलं विकत मिळतात, ती आणून भर घातली. माजघरावर काचेची कौलं बसवली. तिथे भरदुपारीही दिवा लागायचा, आता उन्हाचा कवडसा सकाळी देवघराच्या उंबऱ्यापासून निघून दुपारी कोठीपाशी पोचतो.

भिंतींना आम्ही सिमेंटचा गिलावा लागू दिला नाही. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि वारा-ऊन लागलं की घट्ट होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरने मलबारात हे पाहून त्याचं वर्णन १८०७ साली छापलेल्या प्रवासवृत्तांतात केलं, तेव्हापासून जगभरचे भूगर्भतज्ज्ञ या दगडाला ओळखतात. सच्छिद्र दगड आहे; पाणी पितो आणि सोडतो. सिमेंटने त्याचं तोंड बंद केलं की आत राहिलेला ओलावा पापुद्रे काढतो. चुना लावला तर भिंत श्वास घेत राहते. चिरा उघडा पाडायची सूचनाही आम्ही त्यासाठीच मानली नाही. पावसाच्या माऱ्याच्या बाजूला चुन्याचा हात आणि लांब पागोळ्या, हे त्या दगडाचं खरं पांघरूण.

आता जमिनीबद्दल. ओटी आणि माजघर शेणाने सारवलेलं ठेवावं, असं मला मनापासून वाटत होतं. अनवाणी पायाला लागणारा तो गारवा, त्यावरची बोटांची अर्धवर्तुळं, सणाच्या आदल्या दिवशीचा तो वास. मी हे काकीला बोलून दाखवलं. ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "तुका शेणाची जमीन व्हयी रे बाबू, पण सारवतलो कोण?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर तिच्या गुडघ्यांत होतं. आयुष्यभर दर आठवड्याला ती जमीन तिने, तिच्या सासूने आणि माझ्या आईने सारवली. गोठ्यात जनावरं होती तोवर शेण घरचं होतं. आता वाडीत गुरं राहिली किती? परंपरेचं ओझं कुणाच्या पाठीवर आहे हे न बघता ती राखा म्हणणं हा अन्याय आहे, आणि आमच्या घरांत तो बहुतेक वेळा बायकांच्याच वाट्याला आला. जे राखायचं ते राखणाऱ्याला विचारून राखावं, असं मी त्या दिवसापासून मानतो. काकीला काय हवंय ते विचारलं. तिला तांबडा कोबा हवा होता, तिच्या माहेरी होता तसा. सिमेंटात तांबडी पूड कालवून, ओला असतानाच घोटून घोटून गुळगुळीत केलेला. असं घोटणारे गवंडी आता मोजकेच उरलेत, शोधावा लागला. चकचकीत टाइल्सवर पावसाळ्यात पाय घसरतो. कोब्यावर तितका घसरत नाही, आणि ओल्या फडक्याने पुसला की काम झालं. अंगणातलं खळं तेवढं शेणाचं ठेवलं. ते सारवायला आता गावातल्या दोन बायका मजुरी घेऊन येतात. भात मळायला त्याचा उपयोग कमी झाला असला तरी कुळीथ, उडीद अजून तिथेच झोडपतात.

न्हाणीघर आणि संडास घराला जोडून घेतले. म्हाताऱ्या माणसाने रात्री पावसात छत्री घेऊन परसात जावं, यात राखण्यासारखं काही नाही. मागच्या पडवीचा उतार तसाच खाली ओढून त्याखाली ते बसवले, त्यामुळे बाहेरून घराची रेघ मोडली नाही. विजेच्या तारा, पंप, टाकी ही कामं झाली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

जोत्याला मात्र मी बोटही लावू दिलं नाही. ठेकेदाराला ते कमी करून ओटी अंगणाच्या पातळीला आणायची होती, गाडी दारापर्यंत यावी म्हणून. पाण्याविषयी हिंदमाताच्या माणसाला कुणी शिकवू नये. बेटांमधल्या सखल जमिनीवर भर घालून वसवलेल्या या भागात सगळ्या बाजूंनी पाणी उतरून येतं. आम्ही कमरेएवढ्या पाण्यातून शाळेतून घरी आलो, साड्यांच्या दुकानदारांना गठ्ठे माळ्यावर फेकताना पाहिलं. अलीकडे महापालिकेने प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर मैदानाखाली पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या, तेव्हा कुठे थोडा श्वास घ्यायला मिळाला. गावच्या घराचं जोतं ज्याने कंबरभर उंच बांधलं, तोही इथलाच रहिवासी होता. पायऱ्यांच्या कडेला काकीसाठी लोखंडी कठडा लावला आणि तो विषय तिथेच संपवला.

माझ्या मते घराचा खरा मध्य आहे माजघरातली गणपतीची जागा. तिच्यावर तुळयांना टांगलेली लाकडी चौकट आहे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तिला माटवी बांधतात: शेंडीचे नारळ, सुपारीची शिपटी, तवशी, चिबूड, कवंडळं, हरणं, तेरडा, आंब्याचे टाळ. रानात आणि परड्यात त्या दिवसांत जे जे पिकतं-फुलतं ते सगळं देवाच्या डोक्यावर. त्याचं वजन चांगलंच असतं. ठेकेदाराच्या आराखड्यात स्लॅबच्या खाली खोटं छत होतं, पांढरंशुभ्र, दिव्यांच्या ओळी लावलेलं. त्याला मी विचारलं, याला नारळ कुठे बांधायचे? तो म्हणाला, प्लास्टिकची माटवी मिळते, हलकी असते. स्लॅबचा विषय आमच्या घरात त्या वाक्यावर संपला. मुंबईत राहणारे भाऊ, चुलतभाऊ, आतेभाऊ, ज्यांना इतका वेळ दोन्ही बाजू पटत होत्या, ते सगळे एका बाजूला झाले.

चौकटीची दोन लाकडं बदलली, बाकी जुनीच. गणपतीमागची भिंत कोरी पांढरी सोडली आहे. तिच्यावर दरवर्षी घरची पोरं चित्र काढतात, आणि पुढच्या वर्षी चुना मारून पुन्हा कोरी करतात. घरात मुद्दाम केलेली सजावट म्हणाल तर एवढीच.

काही वाचकांना वाटेल, एवढा खर्च वर्षातले चार दिवस राहण्यासाठी कशाला? मी १९८२ ची आठवण ठेवून उत्तर देतो. त्या वर्षी १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. संप कधी मिटलाच नाही. आमच्या चाळीतली बिऱ्हाडं बोचकी बांधून एसटीने कोकणात गेली. माझे काका त्यांतलेच. त्यांना या ओटीने घेतलं, या खळ्याने दोन वेळचा भात दिला, आणि काकी गावातच राहिली ती कायमची. गिरणगाव उभं होतं तोवर गावचं घर मुंबईवर जगलं, आणि गिरणगाव कोसळलं तेव्हा मुंबई गावच्या घरावर जगली. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली. आता दादरला तुतारी एक्स्प्रेसमध्ये रात्री बसलं की सकाळी कणकवली-कुडाळ येतं. परतणं सोपं झालं, हा फरक झाला. पण परतायची वेळ कुणावर कधी येईल हे आजही सांगता येत नाही, म्हणून घर राहतं ठेवायचं.

विल्यम मॉरिस या इंग्रज कवी-कारागिराने १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवण्यासाठी संस्था काढली, तेव्हा त्याचा मुद्दा साधा होता: जुन्या वास्तूला नव्याने 'जुनं' करू नका, तिची रोजच्या रोज निगा राखा. आमच्याकडे यालाच शाकारणी म्हणतात आणि ती दर मे महिन्यात करायची असते.

परळ, लालबाग, नायगाव, शिवडीत राहणाऱ्या आणि गावी कुलूपबंद घर असलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. येत्या मे महिन्यात गेलात की ओटीवर बसून पाडायचं की ठेवायचं ते ठरवू नका. आधी गावातल्या जुन्या सुताराला घेऊन माळ्यावर चढा. बहुतेक घरांत जितकं वाटतं त्यापेक्षा कमी लाकूड गेलेलं असतं. कौलं परतून घ्या. घर सामाईक असेल तर ज्यांची नावं घरपत्रकावर आहेत त्यांना मोठी माणसं आहेत तोवरच एकत्र बसवून सह्या करून घ्या. कोकणात वादळापेक्षा जास्त घरं न झालेल्या सह्यांनी पडली आहेत. आणि निघताना चावी मुंबईला आणू नका. शेजारी ठेवा, महिन्यातून दोनदा घर उघडून मागची चूल पेटवायला एक माणूस नेमा आणि त्याचा पगार दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात न चुकता पाठवा.